भोपळी जिन्यात बसून खाते

१२ फेब्रुवारी

कारखान्याने यंदा सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. मुखपृष्ठावर आमच्याच पीनट बटरची बरणी आणि बरणीवर हसणारा शेंगदाणा. त्याला हसायला काय जातंय!

आजपासून मी कामावर रुजू झाले. पोरगी तीन महिन्यांची झाली. दिवसभर ती वरच्या मजल्यावर माझ्या धाकट्या जावेकडे राहणार असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. सगळ्यांनी म्हणजे मी सोडून. धाकटीलाही माझ्यामागून आठवड्याभरात मुलगीच झाली, आणि ती घरीच असते. "दोघी एकत्र वाढतील वहिनी, किती छान," असं दीर म्हणाले. छान तर छान.

आता खरं लिहिते, कारण हे कुणी वाचणार नाही. मला तिच्या पोरीचे गाल बघवत नाहीत. गोल, गुळगुळीत, तकतकीत. माझ्या पोरीचे गाल लालभडक, खरखरीत, मधेच फुटून पाणी येतं. कानामागे भेगा, पोटऱ्यांवरही तेच. इसब आहे, पुष्कळ बाळांना असतं, असं खालच्या चौकातले डॉक्टर म्हणाले. पुष्कळ बाळांना असतं तर वरच्या मजल्यावर का नाही?

झोपेतसुद्धा ती वळवळत असते म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणतो. वरच्या पोरीला मी भोपळी म्हणते. धाकटीला वाटलं, मी लाडाने म्हणते. तिनेही तेच नाव उचललं आणि आता दिवसभर "भोपळी गं माझी" चाललेलं असतं. घ्या!

२ मार्च

भट्टीवर हात परत बसला. मुकादमीण म्हणाली, "तू नव्हतीस तेव्हा दोन घाणे करपले." इतकं बरं वाटलं ऐकून! दाणे भाजले की नाही ते बघायला मला घड्याळ लागत नाही. नाकाला कळतं. शंका आली तर एक दाणा चिमटीत चोळायचा, साल कसं सुटतं त्यावर सगळं आलं. भट्टीपुढे मी कुणाची जाऊ नाही की कुणाची सून नाही.

सुटायच्या वेळी दळलेल्या पिंपांवर तेल तरंगून आलेलं असतं. आमच्या बायकांची जुनी रीत आहे, निघताना त्यात बोटं बुडवायची आणि हात, कोपरं, टाचा मस्त चोळायच्या. वर साबण लावायचा नाही, साबणाने सगळं वाया जातं. म्हणून आमच्या बायकांचे हात बघत राहावे असे मऊ. धाकटीचे हात म्हणजे किसणी. सारखी भांडी, सारखे लंगोट, सारखा साबण.

घरी आले की मी चहासुद्धा आधी घेत नाही, मुंगीला घेते. हे मऊ हात तिच्या गालांवरून, भेगांवरून, पोटऱ्यांवरून हळूहळू फिरवते, झोप लागेपर्यंत. डॉक्टरांनी दिलेलं मलम दुपारी धाकटी लावते ते लावू दे. आईच्या हाताला जे जमतं ते नळीतल्या मलमाला जमणार आहे का?

२१ मार्च

एक गोष्ट मला छळतेय. संध्याकाळी वर जाते तेव्हा मुंगी निवलेली असते. गाल फिकट गुलाबी, भेगा मिटायला आलेल्या. रात्र माझ्याजवळ काढली की सकाळी परत लाल. रविवारी पूर्ण दिवस माझ्याकडे असते, तर सोमवारी धाकटी दारातच म्हणते, "अगंबाई, हे काय झालं हिला?" जसं काही मी चिमटेच काढले.

नवऱ्याला म्हटलं, ती काहीतरी लावत असणार आणि आपल्याला सांगत नसणार. तर म्हणतो, "मग विचार ना. आपणही लावू." पुरुषांना काही म्हणजे काही कळत नाही. विचारायला गेले म्हणजे मी हरलेच की.

९ एप्रिल

आज भांडण झालं. म्हणजे मी बोलले आणि ती गप्प राहिली. असल्या भांडणात जिंकता येत नाही.

संध्याकाळी वर गेले. मुंगीने मला बघून हात पुढे केले. मी घेणार, तोच धाकटी म्हणाली, "ताई, जरा हात धुऊन घेता का? मला आपलं वाटतं…"

"काय वाटतं?"

"तुम्ही घेतलं ना की तिच्या गालावर चट्टे उठतात. मी दोनतीनदा बघितलं म्हणून म्हटलं."

माझं टाळकंच सरकलं. "माझे हात घाण आहेत का गं? दिवसभर राबून येते मी! आणि तुझा तो बोका पोरींच्या पांघरुणात लोळतो, तो चालतो वाटतं?"

बोका खिडकीत बसून माझ्याकडे बघत होता. धाकटी खाली मान घालून लंगोटांच्या घड्या करत राहिली. मी तशाच हातांनी मुंगीला उचललं आणि तरातरा खाली आले. जिन्यातच ती माझ्या खांद्यावर गाल घासायला लागली. हवा बदललीय, दुसरं काय.

१७ जून

दोघींना वरचं खाणं सुरू केलंय. भोपळी समोर येईल ते मटकावते. उकडलेलं अंडं दिलं, गेलं. केळं दिलं, गेलं. उद्या वीट दिली तरी जाईल. मी मुंगीला अंड्याचा एक चमचा भरवला, तर तोंडाभोवती पित्त उठलं, वरचा ओठ टरारून सुजला आणि सगळं माझ्या अंगावर ओकली. डॉक्टर म्हणाले, अंडं बंद, मोठी झाली की बघू.

आणि वर काय चाललंय? धाकटी भोपळीच्या खाण्यात पीनट बटर कालवते. माझंच! कामगारांना महिन्याला एक बरणी मिळते, ती मीच नेऊन दिलेली. "अगं, एवढ्या लहानीला?" म्हटलं, तर म्हणे, "नखभर घेते ताई, पाण्यात पातळ करून. तिनेच बरणीत हात घातला, सोडेचना." भोपळी चमचा चाटून माझ्याकडे बघून हसली. तोंडात दात नाही आणि तोरा केवढा! भट्टीपुढे उभी राहून भाजणार मी, आणि मिटक्या मारणार हिची पोर.

८ ऑक्टोबर

भराभर लिहितेय. अक्षर वाचता आलं नाही तरी चालेल.

परवा रविवार होता. दुपारी सगळे आमच्याकडे जमलो होतो. भोपळी भिंतीला धरून चालायला लागलीय, सगळे तिच्याकडेच बघत होते. चालता चालता तिने टेबलावरची बरणी बघितली आणि "लोनी, लोनी" म्हणून नाचायला लागली. सगळे खो खो हसले. नवरासुद्धा. मुंगी माझ्या मांडीवर बसून मनगट खाजवत होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, माझ्या पोरीने माझ्या कामाची चव घ्यायची नाही का? बोटावर एवढंसं घेतलं आणि तिच्या जिभेवर ठेवलं. धाकटी "ताई" म्हणेपर्यंत गिळलंसुद्धा.

आधी खोकली. मग कान लाल झाले, डोळे सुजून बंद, अंगभर पित्त. ओकली. मग तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मी नुसती "अगंबाई, अगंबाई" करत राहिले. धाकटीने तिला माझ्याकडून घेतलं, हो, हिसकावूनच घेतलं, आणि अनवाणी जिना उतरली. दिरांनी गाडी काढली. हॉस्पिटलात मांडीत इंजेक्शन दिलं तेव्हा कुठे शिट्टी थांबली आणि पोरीने टाहो फोडला. तो आवाज ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

पण तेव्हा ती कुणाच्या खांद्यावर होती? धाकटीच्या. मी बाजूला उभी, आणि नर्स धाकटीला विचारत होती, "आई तुम्हीच ना?"

१५ ऑक्टोबर

आज ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. धाकटी आणि भोपळी बरोबर होत्याच, दिवसा सांभाळते ती, तिलाही कळायला हवं म्हणे. मुंगीच्या हातावर बारीक टोचून वेगवेगळे थेंब ठेवले. अंड्याचा फुगला. शेंगदाण्याचा तर असा फुगला की मी तोंड फिरवलं.

"काम काय करता तुम्ही?" बाईंनी मला विचारलं. मी सांगितलं. "बघू हात." मी हात पुढे केले. त्यांनी माझा तळवा नुसता धरून ठेवला आणि म्हणाल्या, "किती मऊ आहेत हो." मग विचारलं, "हाच हात फिरवता का तिच्या अंगावर?"

त्यांनी समजावलं ते असं. काही बाळांची कातडी जन्मतःच कच्ची असते, त्यात कुणाचा दोष नाही. ती फाटली की तिथून जे आत शिरतं त्याला शरीर चोर समजतं आणि पुढच्या वेळी काठी घेऊनच उभं राहतं. तेच आधी तोंडातून, पोटातून आलं, तर बहुतेक वेळा पाहुणा म्हणून घेतं. "आता कातडी जपायची. पुढे दम लागेल, नाक वाहील, हे एकामागून एक येण्याची शक्यता असते. येईलच असं नाही, पण तयारीत राहा. अंडं कदाचित पुढे मानवेल. दाण्यांचं सांगता येत नाही." मग त्यांनी ते इंजेक्शनचं पेन दिलं. कायम जवळ ठेवायचं, मांडीत मारायचं. धाकटीने त्यांच्यासमोर खोट्या पेनाने सराव करून दाखवला, अगदी झोकात. माझ्या हातून टोपणच निघेना.

धाकटीने मग स्वतःच्या पोरीचं काहीतरी विचारलं. बाई तिला बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. माझं लक्ष नव्हतं, मी मुंगीच्या हातावरचे फुगवटे बघत होते.

म्हणजे तिने तोंडातून दिलं ते बरोबर ठरलं आणि मी हातातून दिलं ते चूक. तिला तरी काय माहीत होतं? बरणीत पोरीने हात घातला म्हणून दिलं! मलाही माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं, मग जिंकली तीच कशी? आणि परत येताना एकदाही म्हणाली नाही की ताई, मी हात धुवायला सांगितलं होतं. म्हणाली असती तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

२० नोव्हेंबर

कारखाना सोडला. बाई म्हणाल्या होत्या, सोडायची गरज नाही, आंघोळ करून, कपडे बदलून पोरीला घ्या. पण भट्टीपुढे उभी राहिले की आता मला ती शिट्टी ऐकू येते. मुकादमीण रडली. मी नाही रडले. घरी येऊन रडले.

आता कुलपांच्या कारखान्यात जाते. किल्ली घालायची, फिरवायची, काढायची. हाताला लोखंडाचा वास आणि बोटांना घट्टे. माझेही हात आता किसणी झाले. नाकाला दिवसभर काही कामच नाही.

आज संध्याकाळी वर चढत होते तर जिन्याच्या वळणावर दीर बसलेले, मांडीवर भोपळी, आणि तिच्या तोंडात चमचा. पीनट बटर! मला बघून दीर गडबडले. "वहिनी, तुम्ही लवकर आज?" भोपळी तोंड माखून खिदळत होती. मी तोंड फिरवून वर गेले. लाज नाही वाटत का यांना? माझं काम सुटलं, माझी पोर मरता मरता वाचली, आणि हे माझ्या येण्याच्या वाटेवर बसून पोरीला तेच भरवतात. मग तिला वर नेऊन तोंड धुऊन नवा फ्रॉक घालतात आणि मिरवतात.

३ जानेवारी

मधे दोन वर्षं ही डायरी कपाटाच्या तळाशी पडली होती. मुंगी आता चौथ्या वर्षात आहे. कातडी पुष्कळ सुधारली. मी म्हटलं, सुटलो. तर आता छाती. साधी सर्दी झाली की घरघर सुरू, बरगड्यांमध्ये कातडी आत ओढली जाते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तस्सं, पायरी पायरीने. आता औषधाचा पंप आहे. प्लॅस्टिकच्या नळकांड्यातून तोंडावर धरायचा आणि श्वास मोजायचे.

माझ्याकडे पंप घेताना मुंगी लाथा झाडते. वर काय करते? धाकटी दोघींना समोरासमोर बसवते. भोपळी रिकामं नळकांडं तोंडाला लावून मोठमोठ्याने श्वास घेते, मग मुंगीही घेते. "ताई, खेळासारखं केलं की घेते ती." हो, तुझ्याकडे घेते. तुझ्याकडे सगळंच करते.

जिन्यातला तमाशा चालूच आहे. आठवड्यातून दोनतीनदा भोपळी पायरीवर बसलेली असते, कधी बापाबरोबर, कधी एकटी. इतक्या थंडीत! हौसेला मोल नाही म्हणायचं.

२६ मे

मुंगी साडेपाच वर्षांची झाली. आज एक गोष्ट घडली आणि मला आनंद झाला. लिहून टाकते, कारण एरवी हा आनंद कुणाला दाखवण्यासारखा नाही.

महिनाभर ती वरून येते ती डोळे चोळत, सटासट शिंकत. घरी माझ्याकडे रविवारी काही नाही. काल डॉक्टरीणबाईंनी परत टोचून बघितलं. मांजर! म्हणजे त्यांच्या बोक्याचं अंग तिला चालत नाही. शेवटी एकदा वरच्या मजल्याचंही काहीतरी चालत नाही! मी मुद्दाम धाकटीला जिन्यातच गाठून सांगितलं, गोड आवाजात. तिचा चेहरा एवढासा झाला. "अगंबाई, बोक्यामुळे?" एवढंच म्हणाली. तो बोका तिच्या लग्नाआधीपासूनचा, माहेरून आणलेला. माझं पोट कसं गार झालं.

४ जून

बोका पळून गेला म्हणे. धाकटीचे डोळे सुजलेले होते. "खिडकी उघडी राहिली," म्हणाली. घर धुवून काढलंय, पडदेसुद्धा नवे. एक बोका सांभाळता येत नाही, आणि माझी पोर सांभाळते.

मुंगीची शिंक मात्र हळूहळू कमी होतेय. म्हणजे वरचा मजला परत चांगला. झालं!

११ मार्च

सहावं सरलं. आता झाडं फुलली की नाक. सकाळी उठली की शिंकांची माळ, शाळेत रुमाल पुरत नाहीत, नाकावर आडवी रेघ पडलीय तळहाताने पुसून पुसून. मी आजकाल तिच्याकडे नुसतं बघत असते. मान बघते, कोपरं बघते, ओठ बघते. शाळेतून आली की आधी तोंड वर करून उजेडात धरते.

आज तिने माझा हात बाजूला केला. "आई, नको ना बघू."

"का गं?"

"तू बघितलंस की मला खाजतं."

"आणि काकूने बघितलं की?"

"काकू बघत नाही. काकू बोलते."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि उभी राहिले. धाकटीचा इतका राग आला की ताट आपटलं. नवरा म्हणाला, "काय पडलं?" मी म्हटलं, काही नाही.

२९ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, अंड्याची चाचणी करून बघू. हॉस्पिटलात बसवून आधी कणभर, मग थोडं, मग जरा जास्त असं खायला द्यायचं आणि मधे थांबून बघायचं. काही झालंच तर तिथे सगळी तयारी असते. पचलं, तर आयुष्यभराचं एक कुलूप उघडलं.

खोलीत बरोबर एकाच मोठ्या माणसाला जाता येतं. मी म्हटलं, मी आहेच. मुंगी म्हणाली, "मला काकू हवी."

धाकटी म्हणाली, "नाही गं राणी, आईच बसेल." मुंगी म्हणाली, "आई बसली तर मी ओकेन."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बसू दे काकूला. मला काय!" जन्म मी दिला, काम मी सोडलं, पंप धुते मी, पेन पदरात बांधून फिरते मी. आणि आत कोण बसणार?

७ मे

काल चाचणी झाली. काल लिहायला जमलं नाही. आज सकाळी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर बसलेय. जे झालं तसंच लिहिते.

मुंगी आणि धाकटी आत, काचेच्या खोलीत. मी बाहेर बाकावर. शाळेला सुट्टी म्हणून भोपळी माझ्याजवळ. सातवं लागलं तरी तशीच, गोल. ती पाय हलवत बसली होती आणि मी काचेतून धाकटीच्या पाठीला डोळ्यांनी भोकं पाडत होते. आत नर्सने पहिला कण दिला. धाकटीने स्वतःच्याही तोंडात एक कण टाकला आणि काहीतरी बोलली. मुंगी हसली.

"मोठी आई," भोपळी म्हणाली, "हिला अंडं चाललं तर मी अंडं घरात खाऊ शकेन?"

"म्हणजे? आता कुठे खातेस?"

"जिन्यात. अंडं पण आणि पीनट बटर पण."

मला तेच हवं होतं. इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर आलं. "हो, जिन्यात. मला दाखवायला ना?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी वेडीच आहे. "तुला कशाला दाखवू? घरात खाल्लं तर मुंगीला लागेल ना! आणि डॉक्टर म्हणाल्या, मी खायचं सोडलं तर मलाही तसं होईल. म्हणून जिन्यात. मग तोंड धुवायचं, दात घासायचे, फ्रॉक बदलायचा, मग आत. थंडीत पण. पायरी किती गार असते माहितेय? मला ना, तो वासच नको वाटतो आता. पण बाबा म्हणतात, औषध समज."

ती सुटलीच होती.

"बोक्याला पण अंडं आवडतं. त्याला मावशी देते."

"बोका तर पळून गेला."

"नाही काही! मावशीकडे आहे. आम्ही रविवारी जातो ना बघायला. आल्यावर डोक्यावरून आंघोळ. आई जाताना हसते आणि येताना रडते." मग तिने एकदम हात तोंडावर ठेवला. "हे तुला सांगायचं नव्हतं. आई म्हणाली, मोठ्या आईच्या जिवाला लागेल."

आत दुसरा तुकडा झाला होता. धाकटी मुंगीच्या छातीला कान लावून ऐकत होती, डोळे मिटून, नेहमी ऐकते तशी.

भोपळी ते बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला पण दमा व्हायला पाहिजे."

"शू! भलतंच काय बोलतेस?"

"मग आई माझ्या छातीला कान लावेल. मुंगीचा आवाज येतो. माझा येतच नाही. मला कधी काही होतच नाही. मला तर कधी कधी वाटतं, मुंगीला…" ती थांबली. खालचा ओठ पुढे आला होता.

तो सूर मी ओळखला. कसा नाही ओळखणार? ही सगळी डायरी त्याच सुरात लिहिलीय मी.

"ये इकडे," म्हटलं आणि तिला उचलून मांडीवर घेतलं. काय वजन पोरीचं! जन्मल्यापासून एकाच इमारतीत राहते, आणि तिला मांडीवर घेतल्याचं मला आठवत नाही. मी तिच्या छातीला कान लावला.

"येतोय काही आवाज?"

"येतोय तर. भरपूर."

"काय?"

"पोटातून येतोय. भूक भूक म्हणतंय कुणीतरी."

ती अशी खिदळली की बाकावरच्या दोन बायकांनी वळून बघितलं. मी परत कान लावला. आत सगळं स्वच्छ, शांत होतं. शिट्टी नाही, घरघर नाही. इतकी वर्षं मी ज्या पोरीच्या गालांवर जळले, ती माझ्या गळ्यात हात टाकून बसली होती आणि तिचा मऊ गाल माझ्या मानेला टेकला होता.

तेवढ्यात काचेवर धाडकन आवाज झाला.

मी वर बघितलं. मुंगी काचेला चिकटून उभी, तोंड लालबुंद, डोळे मोठे, काहीतरी ओरडत होती. झालं, अंडं उलटलं! पेन कुठाय, पेन? भोपळीला तशीच कडेवर घेऊन मी दार ढकललं. नर्स मला अडवायला आली, पण ती हसत होती. "काही नाही हो, ॲलर्जी नाही. सगळं व्यवस्थित आहे. तुम्ही बाहेरच थांबा."

"मग ओरडतेय का ही?"

मुंगी पुढे आली. हाताची घडी, नाकपुड्या फुगलेल्या. भोपळीकडे बोट करून म्हणाली, "तिला खाली उतरव."

"काय गं?"

"ती माझी आई आहे. उतरव तिला!"

मी बघतच राहिले. कातडीवर एक चट्टा नाही, ओठ जागेवर, श्वास मोकळा. ती लाली शुद्ध रागाची होती. जळत होती पोरगी. माझ्यासाठी! जळकुकडी मेली, कुणावर गेलीय ते काही सांगायला नको.

धाकटीने एका हाताने तोंड झाकलं होतं. हसत होती की रडत होती कळेना. मी भोपळीला खाली ठेवलं आणि धाकटीला म्हटलं, "आता तू बाहेर बस जरा, तुझ्या पोरीच्या छातीत काय चाललंय ते ऐक. मी बसते आत." नर्स म्हणाली, चालेल, एकच मोठं माणूस पाहिजे, कुणीही. धाकटी उठली. जाताना माझ्या दंडाला हात लावला, त्या किसणीसारख्या हाताने. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. मी म्हटलं, "बोक्याला घेऊन या म्हणणार नाही मी, पण पुढच्या रविवारी मीही येते बघायला." तिने मागे वळून भोपळीकडे डोळे वटारले. भोपळी छताकडे बघत होती.

उरलेलं अंडं मुंगीने माझ्या मांडीवर बसून खाल्लं. मी तिच्याकडे बघितलं नाही. शप्पथ. भिंतीकडे बघत तिला कुलपांच्या गोष्टी सांगत बसले, कोणतं कुलूप कसं अडतं आणि मी ते कसं सोडवते. तिने मधेच विचारलं, "आई, तू आधी काय करायचीस?" मी भट्टीचं सांगितलं, वासावरून कसं कळायचं ते. अंडं पचलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातावर मोठी बरोबरची खूण काढली. दाणे मात्र नाहीच, पेन तसंच जवळ राहणार, पंपही आहेच, आणि झाडं फुलली की शिंकाही.

संध्याकाळी मी मुंगीला सांगून टाकलं. उद्यापासून भोपळी जिन्यात खाईल तेव्हा तिच्याबरोबर मी बसणार. पीनट बटरचे दाणे कच्चे राहिलेत की नीट भाजलेत, हे तिला वासावरून शिकवणार. नंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुणार, साडी बदलणार, आणि मगच मुंगीला घेणार.

मुंगीने हाताची घडी घातली. मग म्हणाली, "किती वेळ बसणार?"